हृदयविकार, म्हातारपण आणि जर्जरता: स्त्रियांबाबतचे काही गैरसमज

जर्जरता, म्हणजे वैद्यकातली फ्रेल्टी, ही शरीराची राखीव ताकद संपत आल्याची अवस्था आहे. साधा ताप, दोन दिवसांचे अंथरूण किंवा बदललेली एखादी गोळीही अशा रुग्णाला झेपत नाही. हृदयविकाराच्या वृद्ध रुग्णांत ती बरीच आढळते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक.

‘वय झालं, आता हे चालायचंच’ हा पहिला गैरसमज. २००१ मध्ये लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ६५ वर्षांवरील ५,३१७ व्यक्तींच्या अभ्यासावरून पाच खुणा ठरवल्या: प्रयत्न न करता घटलेले वजन, सततचा थकवा, मुठीची कमी पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. तीन किंवा अधिक खुणा असल्या तर जर्जरता. त्या अभ्यासात साधारण ७ टक्केच लोक या व्याख्येत बसले. म्हणजे पासष्टी उलटली की माणूस जर्जर होतोच असे नाही.

स्त्रियांमधली जर्जरता घरच्यांच्या नजरेतून सुटते, कारण ‘आई घरातलं सगळं करते’. ठाण्याच्या नौपाड्यात हे सहज समजून येईल. गोखले रोड, राम मारुती रोडच्या आसपास तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या जुन्या इमारती अजून आहेत. तिसऱ्या मजल्यावरची सत्तरीची बाई आधी भाजीला उतरणे कमी करते, मग देवळात जाणे सोडते. स्वयंपाक मात्र चालू राहतो. कुकर लावून दोनदा बसावे लागते, एवढाच फरक. खाली उतरलीच नाही तर दम लागल्याचे कळणार कुठून? वजनकाटाही फसवतो. हृदय निकामी होत असताना अंगात पाणी साठते, त्यामुळे स्नायू झिजले तरी वजन तेवढेच दिसते. पाय सुजलेले आणि बांगड्या मात्र सैल, असे दिसले तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे.

तपासणी सोपी आहे. सपाट जागेवर नेहमीच्या चालीने पाच मीटर चालायला सहा सेकंद किंवा जास्त लागले, तर चाल मंद मानतात. हृदयशस्त्रक्रियेपूर्वी ही मंद चाल आढळलेल्या वृद्धांत मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंतींचा धोका दुपटी-तिपटीने जास्त असल्याचे २०१० च्या एका अभ्यासात दिसले.

‘हृदयविकार हा पुरुषांचा आजार’ ही समजूत अजून गेलेली नाही. भारतातल्या ‘क्रिएट’ नोंदणीत (२००८) हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दाखल झालेल्या २०,४६८ रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पुरुष होते. पण ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासानुसार स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सुमारे नऊ वर्षे उशिरा येतो. आजार टळत नाही, पुढे ढकलला जातो. आणि येतो तेव्हा मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आधीच सोबतीला असतात. छातीत दुखणे हेच दोघांतले प्रमुख लक्षण, परंतु धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे, विलक्षण थकवा ही लक्षणे स्त्रियांत जास्त दिसतात. ती पित्तावर किंवा वयावर ढकलली जातात.

‘टूडी एको नॉर्मल, म्हणजे हृदय ठणठणीत’ हा समजही वृद्ध स्त्रियांना विशेष महागात पडतो. हृदय नीट आकुंचन पावते, पण ताठरल्यामुळे नीट सैल होत नाही, अशा प्रकारचे हृदय निकामी होणे त्यांच्यात अधिक असते. अहवालात पंपिंग ६० टक्के लिहिलेले असते आणि बाईला जिना चढवत नाही. तिची तक्रार खरी असते.

स्त्रिया अधिक जर्जर असूनही, तेवढ्याच जर्जर पुरुषांपेक्षा त्या जास्त जगतात. यावरून ‘बायका चिवट, त्यांचं निभावतं’ असा निष्कर्ष काढणे क्रूरपणाचे आहे. वाढलेली वर्षे परावलंबनात जाऊ शकतात, अनेकदा वैधव्यात आणि एकटीने. कारणांतही सगळेच निसर्गाचे नाही. स्त्रीचे स्नायू मुळात कमी, हे खरे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्या तशाच म्हातारपणात शिरतात.

‘एवढ्या अशक्त बाईवर आता कशाला उपचार?’ या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नाही. ब्रिटनमधल्या ‘सीनियर-रीटा’ चाचणीत (२०२४) ७५ वर्षांवरील, झटका आलेले १,५१८ रुग्ण होते. सरासरी वय ८२, स्त्रिया ४५ टक्के, जर्जर ३२ टक्के. अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे पुढची प्रक्रिया केलेल्यांत मृत्यू घटले नाहीत, पण नंतरचे झटके कमी आले. प्रक्रियेतल्या गुंतागुंती एक टक्क्याहून कमी रुग्णांत झाल्या. जर्जरता म्हणजे उपचारबंदी नव्हे. कोणता उपचार झेपेल हे ठरवायची ती माहिती आहे. औषधांचा डोसही यातच आला: लहान चणीच्या, मूत्रपिंड मंदावलेल्या बाईच्या रक्तात तीच गोळी जास्त प्रमाणात उरते.

राहिला आरामाचा सल्ला. ‘रिहॅब-एचएफ’ चाचणीत (२०२१) हृदय निकामी होऊन दाखल झालेल्या ३४९ वृद्धांपैकी बहुतेक सगळे जर्जर किंवा त्या उंबरठ्यावर होते. ताकद, तोल, हालचाल आणि दम यांचा बेतशीर व्यायाम दिल्यावर त्यांची शारीरिक क्षमता स्पष्ट सुधारली; पुन्हा दाखल होणे मात्र फारसे घटले नाही. नौपाड्यात घंटाळी मित्र मंडळामुळे योगाभ्यास घरोघरी परिचित आहे. झटक्यानंतरच्या योगावर भारतातल्या २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांची ‘योगा-केअर’ चाचणी झाली. तिच्यात पुढचे झटके आणि मृत्यू लक्षणीय घटल्याचे सिद्ध झाले नाही, पण रुग्णांना बरे वाटू लागले आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. त्यातले बहुसंख्य मात्र पुरुष आणि वृद्धत्वाच्या अलीकडचे होते, त्यामुळे हा निष्कर्ष ऐंशीच्या आजींना जसाच्या तसा लावता येत नाही. त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारून खुर्चीतून उठ-बस, आधार धरून चालणे, आणि मूत्रपिंड ठीक असल्यास रोजच्या ताटात डाळ, उसळ, दही किंवा अंडे, इथून सुरुवात होते.