पाकीट छोटं, हिशोब मोठा!

ऑफिसात असताना कुरिअर म्हणजे काय, तर रिसेप्शनवरच्या ट्रेमध्ये टाकलेलं पाकीट! पत्ता लिहिला, टाकलं, विसरलो. पुढे कोण नेतो, किती घेतो, याच्याशी आपला संबंध नाही. कंपनीचा महिन्याचा करार असतो, दर ठरलेले असतात. खरी गंमत सुरू होते ती स्वतःचं काही पाठवायची वेळ येते तेव्हा. बहिणीला राखीच्या बदल्यात गिफ्ट, नव्या नोकरीसाठी सही केलेले कागद, गावी आजीला औषधं... आता खिसा तुमचा आणि तुम्ही काउंटरच्या पलीकडच्या माणसासाठी फक्त ‘एक कस्टमर’. कंपनीचा रेट तुम्हाला मिळत नाही, बॉस!

मी फ्रीलान्सर. म्हणजे माझं रिसेप्शन, डिस्पॅच आणि प्यून सगळं मीच. आजही काही अकाउंट्स डिपार्टमेंटना बिलाची सही केलेली हार्ड कॉपीच लागते. त्यामुळे पोस्टाची खिडकी आणि कोपऱ्यावरचा कुरिअरवाला, दोघांशीही माझी चांगली ओळख आहे. या ओळखीतून जे गणित कळलं, ते तुमच्यासमोर मांडतेय.

पोस्टाचा रेट पाठ करता येतो

आपल्या पिढीचा एक ठाम समज आहे : पोस्ट म्हणजे स्लो, कुरिअर म्हणजे फास्ट. पण स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ पासून आहे, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठं! त्याचे दर २०१२ नंतर थेट १ ऑक्टोबर २०२५ ला बदलले. आता पन्नास ग्रॅमपर्यंतचं पाकीट (तीन-चार ए-फोर कागद आरामात) त्याच शहरात १९ रुपयांत जातं आणि शहराबाहेर देशात कुठेही ४७ रुपयांत. वर १८ टक्के जीएसटी.

फाईल थोडी जाड असेल, म्हणजे ५१ ते २५० ग्रॅम, तर शहरात २४ रुपये. बाहेर अंतराप्रमाणे ५९ पासून ७७ रुपयांपर्यंत. २५१ ते ५०० ग्रॅमला शहरात २८ आणि बाहेर ७० ते ९३. म्हणजे पुण्याहून दिल्लीला दोनशे ग्रॅमची फाईल ७२ रुपये अधिक जीएसटी, साधारण ८५ रुपये. विद्यार्थ्यांना दहा टक्के सूटही आहे, तेव्हा एमबीए करणाऱ्या धाकट्या भावाला खिडकीवर पाठवा!

कुरिअरचं तसं नाही. एकाच कंपनीच्या दोन फ्रँचायझी, दोन वेगवेगळे आकडे. बेसिक रेट, फ्युएल सरचार्ज, जीएसटी असं एकावर एक चढत जातं. म्हणून कुरिअरवाल्याला ‘किती?’ असं मोघम विचारू नका. ‘सगळं धरून किती?’ असं विचारा. आणि पोस्टाचा आकडा डोक्यात ठेवूनच दुकानात शिरा. भाजी घेतानाही आपण आधी बाजारभाव विचारतोच ना?

चिवडा हलका, खोका जड!

दिवाळीत बेंगळुरूच्या मित्राला फराळ पाठवायचा. चिवडा एक किलो, मोडू नये म्हणून खोका मोठा घेतला : ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटर. काट्यावर वजन एक किलोच्या जरा वर. तरी कुरिअरवाला तीन किलोचे पैसे मागतो. फसवतोय? नाही. हे ‘व्हॉल्युमेट्रिक वेट’. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५,०००ने भागायचं. आपल्या खोक्याचे होतात १५,०००, भागिले ५,०००, म्हणजे तीन किलो. काट्यावरचं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त, त्याचे पैसे. कारण गाडीत किंवा विमानात तुमचा चिवडा जागा तेवढीच अडवतो!

यावरचा उपाय घरगुती आहे. चिवडा पिशवीत घट्ट भरा, खोका लहान घ्या, मोकळ्या जागेत लाडू आणि चकल्या बसवा. त्याच खोक्यात तीन किलो खराखुरा फराळ गेला, तर जादा पैसे हवेचे नाही, लाडवांचे पडतात. पार्सल पोस्टात द्या की कुरिअरला, ‘वजन धरणार की आकार?’ हा प्रश्न आधी विचाराच.

पुस्तकं? मग विचारच करू नका

पुस्तकं वजनाला भारी, म्हणून कुरिअरमध्ये खिसा रिकामा करतात. पोस्टाचं जुनं, स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा पुस्तकप्रेमी हळहळले होते. पण १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. ट्रॅकिंगही होतं. अट एवढीच की शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक अशी छापील पुस्तकं हवीत. मासिकं, जाहिरातींचं साहित्य चालत नाही. जमिनीवरून जातं, त्यामुळे वेळ लागतो. पण स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ज्युनिअरला पाठवायचीत? याहून स्वस्त काही नाही.

पिनकोड कुठला?

मुंबई-पुणे-नाशिक असेल तर कुरिअर झकास. पण समजा पाकीट गुहागरच्या एखाद्या वाडीत जायचंय. तिथे ‘आउट ऑफ डिलिव्हरी एरिया’ हा शब्द भेटतो. म्हणजे एकतर जादा पैसे, नाहीतर ‘चिपळूणच्या ऑफिसात येऊन घेऊन जा’ असा फोन. मग आजी एसटीने पाकीट आणायला जाणार का? देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली सुमारे नव्वद टक्के खेड्यांत. पोस्टमन वाडीतल्या घरांना नावानिशी ओळखतो. इथे पोस्टाला तोड नाही.

२८ रुपयांची पावती

आता मुद्द्याचं. सगळा हिशोब रुपयांचाच नसतो. माझ्या एका मैत्रिणीने फ्लॅट सोडला. मालक डिपॉझिट परत द्यायचं नाव घेईनात. फोन उचलेनात, मेसेजला उत्तर नाही. तिने नोटीस पाठवायची ठरवली. घराखालीच कुरिअरचं दुकान, ती निघालीच होती. वकील म्हणाले, ‘पोस्टानेच पाठवा, रजिस्ट्रेशन करून.’

कारण जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७. त्याच्या कलम २७ नुसार, बरोबर पत्ता घालून, पैसे भरून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं पत्र पोचलं असं कायदा धरून चालतो. ‘मला मिळालंच नाही’ हे मग समोरच्याला सिद्ध करावं लागतं. जुनं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय. आता स्पीड पोस्टावर पाच रुपये आणि जीएसटी भरून रजिस्ट्रेशन घ्यायचं. पाकीट ज्याच्या नावाचं, त्याच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हातात पडतं. आणखी पाच रुपयांत ओटीपी डिलिव्हरीही मिळते.

मालक त्याच शहरातले. १९ अधिक ५, वर जीएसटी : २८ रुपये ३२ पैसे. दोन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट अडकलं होतं आणि हातात एवढीच पावती! नोटीस पोचल्यावर मालकांचा स्वतःहून फोन आला. रंगकामाचे पैसे कापून बाकीचे मिळाले.

मग कुरिअर कधी?

जरूर करा! घरी येऊन पिकअप हवा असेल, मोठ्या शहरात उद्याच पोचवायचं असेल, पोस्टाची खिडकी बंद झाली असेल तर कुरिअरच बरं. आणि शहरातल्या शहरात आजच हवं, तर दुचाकीवाली ॲप्स आहेतच. फक्त पावतीच्या मागचा बारीक मजकूर वाचा. पाकीट हरवलं तर भरपाई बहुतेकदा छोट्या ठरावीक रकमेपुरती असते, आत काय होतं त्यावर नाही. पोस्टाची जबाबदारीही नियमांत लिहिली आहे तेवढीच. म्हणून महागडी वस्तू कुठूनही पाठवा, विमा घ्या. आणि मूळ डिग्री सर्टिफिकेट पाठवण्याआधी स्कॅन करून ठेवा.

निघण्याआधी चार प्रश्न

* वजन किती आणि खोका केवढा?
* पिनकोड शहराचा की गावाचा?
* उद्याच हवंय की चार दिवस चालतील?
* पोचल्याचा पुरावा लागणार आहे का?

चौथ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर बाकीचे तीन विसरा आणि थेट पोस्टाच्या रांगेत उभे राहा. रांग मोठी असेल तर असू दे. मोबाईल आहेच की हातात!