खुणांची एकवाक्यता

परीक्षा जवळ आली म्हणजे विद्यार्थी पुस्तकांत तांबड्या पेन्सिलीनें रेघा ओढूं लागतात. प्रथम कठीण शब्दाखालीं रेघ येते. पुढें महत्त्वाच्या वाक्याखालींहि तशीच रेघ येते. आणि शिक्षकांनीं "हें अवश्य विचारतील" असें म्हटलेल्या भागाखालींहि तीच. परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडावें, तों सर्व पान तांबडें झालेलें असतें, आणि कोणती रेघ कशासाठीं ओढली होती हें ओढणारासहि सांगतां येत नाहीं. खूण एक आणि अर्थ तीन, म्हणून अर्थ एकहि नाहीं! हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर कशी घडते व ती सुधारतात कशी, हें एका कंपायलरच्या माहितीपुस्तकाच्या उदाहरणानें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणार आहों.

मनुष्य ज्या भाषेंत संगणकाचा कार्यक्रम लिहितो, ती भाषा यंत्रास कळत नाहीं. मनुष्याचा लेख वाचून त्याचें यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करणारा जो कार्यक्रम, त्यास कंपायलर म्हणतात. तो एक प्रकारचा दुभाषीच होय. जीसीसी हा त्यांपैकीं एक प्रसिद्ध कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं तो प्रथम प्रसिद्ध केला, तेव्हां तो सी या भाषेपुरता होता. आज तो सी प्लस प्लस, फोर्ट्रान, एडा इत्यादि भाषाहि जाणतो, आणि कोणासहि मोफत मिळतो. त्यास आज्ञा देण्याचे शेंकडों पर्याय आहेत, व ते समजावून देणारें माहितीपुस्तक सुमारें हजार पृष्ठांचें आहे. तें एका लेखणीचें काम नव्हे. निरनिराळ्या देशांतील अनेकांनीं तें पस्तीसांहून अधिक वर्षें थोडथोडें लिहीत आणिलें आहे. अनेक हातांचें लेखन म्हटलें म्हणजे अनेक हातांच्या संवयी त्यांत यावयाच्याच.

हें पुस्तक टेकइन्फो नांवाच्या पद्धतीनें लिहितात. हिचा मुख्य नियम असा, कीं शब्द कसा दिसावा हें लेखकानें सांगावयाचें नाहीं. तो शब्द काय आहे एवढेंच सांगावयाचें. ॲट या चिन्हापुढें खुणेचें नांव लिहून तो शब्द महिरपी कंसांत घालावयाचा. कार्यक्रमांतील शब्द असल्यास खूण 'कोड'. फाइलीचें नांव असल्यास 'फाइल'. पर्याय असल्यास 'ऑप्शन'. आज्ञेचें नांव असल्यास 'कमांड'. आणि ज्याच्या जागीं वाचकानें आपला शब्द घालावयाचा, तो असल्यास 'व्हार'. मग त्या एकाच लेखापासून छापण्याची प्रत, आंतरजालावरील पान आणि पडद्यावर साध्या अक्षरांत वाचावयाची प्रत, अशा तिन्ही प्रती यंत्र तयार करितें. छापील प्रतीची अक्षरजुळणी डोनल्ड कनूथ यांच्या टेक या प्रणालीकडून होते.

आतां खूण राहिली तर काय होतें? एक प्रसंग सांगतों. जीसीसीस त्याची आवृत्ति विचारावयाची असल्यास त्याच्या नांवापुढें दोन लहान आडव्या रेघा व त्यांस जोडून 'व्हर्शन' हा शब्द लिहितात. टेकइन्फोच्या साध्या वाक्यांत अशा दोन रेघा लागोपाठ आल्या, तर यंत्र त्यांची छापखान्याची एक लांब रेघ करितें. कारण लेखकास विरामाची रेघ हवी असेल असें तें धरून चालतें. 'ऑप्शन' ही खूण असल्यास मात्र रेघा जशाच्या तशा राहतात. आमच्या एका विद्यार्थ्यानें कोणाच्या तरी टिपणांतून लांब रेघ झालेली अशीच एक ओळ उतरून घेतली. जीसीसीनें उत्तर दिलें, कीं या नांवाची फाइल येथें नाहीं. लहान रेघेनें आरंभ न होणारा शब्द तो फाइलीचें नांव समजतो, हें त्या मुलास कोठून ठाऊक असणार? तो तासभर फाइल शोधीत बसला. दोन रेघांतील भेद त्याच्या डोळ्यांस दिसेना. शेवटीं "सर, हा विषय मला जमणार नाहीं," असें म्हणून तो उठूं लागला. त्याचें काय चुकलें होतें? कांहीं नाहीं. चूक कोणी तरी न केलेल्या एका खुणेची होती. शिकणारा मनुष्य पुस्तकास दोष देत नाहीं, तो स्वतःस दोष देतो. म्हणून ही बाब क्षुल्लक नव्हे.

दुसरें उदाहरण घ्या. तयार झालेल्या कार्यक्रमास नांव देण्यासाठीं लहान लिपींतील 'ओ' हा पर्याय आहे, व त्यापुढें माहितीपुस्तकांत 'फाइल' हा शब्द असतो. तो शब्द तसाच लिहावयाचा नसून त्याच्या जागीं आपणांस हवें तें नांव घालावयाचें असतें. 'व्हार' ही खूण हेंच सांगते. ती नसल्यास नवशिका 'फाइल' असेंच अक्षरशः लिहितो. शिवाय मोठ्या लिपींतील 'ओ' हा अगदीं भिन्न पर्याय आहे. तो कार्यक्रम अधिक वेगानें चालावा यासाठीं वापरतात. एकाद्या सद्हेतूच्या मुद्रितशोधकानें वाक्याच्या आरंभीं म्हणून लहान 'ओ'चा मोठा केला, तर व्याकरण राहील, पण अर्थ बुडेल.

बरें, अशी चूक कागदावर दिसेलच असें नाहीं. 'व्हार' आणि जोर देण्याची खूण, या दोहोंचा शब्द छापील प्रतींत तिरपाच दिसतो. परंतु पडद्यावरील साध्या प्रतींत 'व्हार'चा शब्द मोठ्या लिपींत येतो, आणि जोर दिलेल्या शब्दाच्या दोन्ही बाजूंस खालची रेघ येते. म्हणजे ज्यानें केवळ कागद पाहून दोहोंची अदलाबदल केली, त्यानें पडद्यावर वाचणारास नकळत चकविलें.

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आलेला नाहीं. इंग्रजी बायबलाच्या १६११ च्या भाषांतरांत, मूळांत नसलेले परंतु इंग्रजी वाक्य पुरें होण्यासाठीं घातलेले शब्द निराळ्या अक्षरांत छापले होते. पुढें त्यांसाठीं तिरपीं अक्षरें वापरण्यांत आलीं. ही खूण सर्वत्र एकाच नियमानें झाली नव्हती. म्हणून १७६९ सालीं ऑक्सफर्डच्या आवृत्तीसाठीं बेंजामिन ब्लेनी यांनीं ती तपासली, आणि १८७३ सालीं स्क्रिव्हनर यांनीं केंब्रिजच्या आवृत्तीसाठीं तोच उद्योग पुन्हा केला. भाषांतरकारांचा हेतु प्रामाणिकपणाचा होता. आपण घातलेलें व मूळांतलें वाचकास वेगळें दिसावें, इतकाच. पण ज्यास हा संकेत ठाऊक नाहीं, तो तिरपा शब्द जोरानें वाचतो, आणि मूळांत नसलेल्या शब्दावरच भर देतो!

मग दुरुस्ती कशी करितात? प्रथम नियम लिहून ठेवितात. जीसीसीच्या मंडळींनीं लेखनाचे संकेत ठरविले आहेत. कोणता इंग्रजी शब्द जोडून लिहावा, कोणत्या शब्दांत रेघ घालावी, कोणत्या वस्तूस कोणती खूण करावी, हें त्यांत सांगितलें आहे. समूहाचें नांव जीसीसी मोठ्या लिपींत लिहावयाचें. पण वाचकानें टाइप करावयाची आज्ञा लहान लिपींत व 'कमांड' या खुणेसह.

नियम ठरल्यावर एकादें यंत्र लावून सर्व शब्द एका झटक्यांत बदलतां येणार नाहींत काय? येणार नाहींत. 'स्टॅटिक' हा सी भाषेंतील एक राखीव शब्द आहे, तसेंच तें इंग्रजींतील एक साधें विशेषणहि आहे. 'रजिस्टर' हा राखीव शब्द आहे, आणि गणकाच्या अंतर्भागांतील एका जागेचें नांवहि आहे. प्रत्येक ठिकाणीं वाक्य वाचूनच 'कोड' ही खूण हवी कीं नको हें ठरवावें लागतें. यंत्र संशयित स्थळें शोधून देईल. निर्णय मनुष्यानेंच करावयाचा. आणखी एक पथ्य असें, कीं एका वेळीं एकाच प्रकारचा बदल करावा. खुणा सुधारतां सुधारतां मजकूरहि बदलला, तर तपासणारास कोणत्या बदलानें अर्थ पालटला हें कळत नाहीं. शेवटीं सर्व प्रती पुन्हा तयार करून कागद व पडदा दोन्ही डोळ्यांखालून घालावे.

२०२२ च्या नोव्हेंबरांत जीसीसीचें हें सारें लेखन स्फिंक्स नांवाच्या दुसऱ्या पद्धतींत नेण्यांत आलें. परंतु अडचणी आढळल्यामुळें थोड्याच दिवसांत तें पाऊल मागें घेऊन टेकइन्फोच पुन्हा चालू केलें. असें स्थलांतर उद्यां पुन्हा कोणी योजिलें, तर नेणारें यंत्र खुणेवरच विश्वास ठेवील. खूण खरी असेल तर खरें नेलें जाईल; खोटी असेल तर खोटें.

या कामांत कीर्ति नाहीं. नवा पर्याय निर्माण करणाराचें नांव होतें. हजार पानांतील रेघा नीट करणारास कोण ओळखतो? तरी त्याच्यामुळेंच दूर कोठें तरी एकटा बसून शिकणारा मुलगा निराश होऊन उठत नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, पुढल्या वेळीं तांबडी पेन्सिल हातीं घ्याल, तेव्हां आधीं वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कीं रेघ कशासाठीं आणि चौकोन कशासाठीं. आणि मग शेवटच्या पानापर्यंत तो शब्द पाळा.