पायऱ्यांवरचा आर्मांदो

गोल करणाऱ्याची आठवण काढणं सोपं असतं. चेंडू कुठून आला, कुठल्या पायाला लागला, जाळी कुठल्या कोपऱ्यात हलली, एवढं सांगितलं की चित्र उभं राहतं. प्रशिक्षकाची आठवण कशी काढायची? तो नव्वद मिनिटं रेषेबाहेर असतो आणि चेंडूला त्याचा पायही लागत नाही. तरीसुद्धा मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये धेंपो स्पोर्ट्स क्लबच्या जुन्या चाहत्यांशेजारी बसलात, तर थोड्याच वेळात आर्मांदो कुलासोंचं नाव निघतं. तेही नुसतं ‘आर्मांदो’. आडनाव लावायची गरज तिथे कुणाला वाटत नाही.

२००० ते २०१३ अशी तेरा वर्षं कुलासो धेंपोचे प्रशिक्षक होते. भारतीय फुटबॉलमध्ये मोसम संपायच्या आत प्रशिक्षक बदलणाऱ्या क्लबांची सवय असलेल्या माणसाला हा आकडा दोनदा वाचावा लागतो. त्या काळात धेंपोने देशाची सर्वोच्च लीग पाच वेळा जिंकली. २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये ती नॅशनल फुटबॉल लीग होती. मग तिची आय-लीग झाली आणि पहिल्याच मोसमात, २००७-०८ ला, विजेता पुन्हा धेंपो. नंतर २००९-१० आणि २०११-१२. मधल्या २००८ सालात हा संघ एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला. कोलकात्याच्या मोठ्या क्लबांच्या मागे लाखोंची गर्दी असते. त्यांच्याशी टक्कर घेऊन एका छोट्या राज्यातल्या क्लबने हे केलं.

मी मूळचा देऊळगाव राजाचा, बालाजीच्या गावचा. आमच्याकडे मैदान म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट, कबड्डी आणि संध्याकाळी बांधलेली व्हॉलीबॉलची जाळी. फुटबॉल असायचा, पण शाळेच्या खेळाच्या साहित्यात, बहुतेक वेळा हवा गेलेला. नोकरीमुळे गोव्यात राहायला गेलो आणि सामने बघायला लागलो, तेव्हा वय चेंडूच्या मागे धावण्याचं राहिलं नव्हतं. पायऱ्यांवर बसून बघणं एवढंच हाती होतं. ते बघणंही शिकावं लागतं, हे मला धेंपोच्या जुन्या चाहत्यांनी शिकवलं. म्हणून या लेखात सामन्यापेक्षा त्यांच्या आठवण काढण्याच्या पद्धतीबद्दल जास्त लिहितो आहे. माझ्या लेखी ते एक कसबाचं काम आहे.

ते काम संघाच्या यादीपासून सुरू होतं. यादी नेहमी गोलरक्षकापासून मांडली जाते. गोलमध्ये अभिजित मोंडल म्हटलं की एक काळ, सुभाषिष रॉय चौधरी म्हटलं की त्यानंतरचा. कुठल्या वर्षाबद्दल बोलणं चाललंय हे तिथेच ठरतं. मग बचावात महेश गवळी, समीर नाईक, देबव्रत रॉय. मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स, कडेला क्लिफर्ड मिरांडा, अँथनी परेरा. त्यांच्यापुढे ब्राझीलचा बेटो आणि सगळ्यांत पुढे नायजेरियाचा रँटी. एखादं नाव चुकीच्या वर्षात पडलं तर शेजारचा लगेच अडवतो, आणि मग तो कोणत्या मोसमात आला, कुठून आला, यावर वाद. हा वाद गंमत म्हणून चालत नाही. यादी बरोबर लागल्याशिवाय पुढचं काही बोलता येत नाही अशी त्यांची ठाम समजूत आहे. मला ती पटते. प्रशिक्षकाचं काम म्हणजे आधी माणसं निवडणं आणि मग ती टिकवणं. कुलासोंच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की तीच तीच गोव्याची नावं वर्षानुवर्षं पुन्हा येतात. गोव्याच्या मुलांचा कणा, आणि त्याला एक-दोन अव्वल परदेशी पाय. दर उन्हाळ्यात अख्खा संघ विकत घेण्याच्या काळात हे धोरण धरून ठेवायला हिंमत लागते.

यादीनंतर येतात जागा. इथे बोलणं थांबतं आणि हात बोलायला लागतात. समोर चालू असलेल्या सामन्यावर बोट ठेवून जुना सामना दाखवला जातो. पळय, म्हणजे बघ, असं म्हणत कोपर मारली जाते आणि बोट चेंडूपासून भलतीकडेच वळतं. चेंडू आपल्या गोलरक्षकाच्या हातात आहे. अशा वेळी दोन्ही बचावपटू किती लांब पसरलेत? मधला खेळाडू चेंडू मागायला येताना मान वळवून पाठीमागे बघून घेतो का? पास मिळण्याआधी त्याचं अंग अर्धं पुढे वळलेलं आहे का, की तो चेंडूकडे तोंड करून सरळ उभा आहे? सरळ उभा राहिला तर पास परत मागेच जाणार. अंग वळलेलं असेल तर दुसऱ्याच स्पर्शात खेळ पुढे सरकतो. धेंपोचा जमिनीवरून छोट्या पासांचा खेळ असा उभा राहायचा. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्यापेक्षा बाकीचे दहा काय करतायत, ते बघायचं. त्या दहांच्या पायांत प्रशिक्षक दिसतो.

हे कळल्यावर सामन्याआधीचा सरावही मी वेगळ्या नजरेने बघू लागलो. पूर्वी तो वेळ चणे-शेंगदाणे आणण्यात जायचा. आता बघतो, चौकोनात उभे राहून पास देताना खेळाडू एका पायावर घेतात आणि दुसऱ्याने देतात का. कॉर्नर मिळाल्यावर मागे कोण थांबतं. गोल खाल्ल्यावर चेंडू जाळीतून कोण काढतं आणि किती लवकर मध्यावर आणून ठेवतं. बदली खेळाडू आत येताना जो पहिला माणूस गाठतो, त्याला काय सांगतो हे पायऱ्यांपर्यंत ऐकू येत नाही. पण पुढच्या दोन मिनिटांत मैदानावर काय सरकलं ते डोळ्यांना दिसतं. जुने चाहते यातली प्रत्येक गोष्ट आर्मांदोच्या मापाने मोजतात. कधी नव्या पोरांवर अन्याय होतो त्यात. पण माप आहे त्यांच्याकडे, आणि ते त्यांनी भर पावसात, उकाड्यात बसून कमावलेलं आहे.

माझ्या गावाकडे आता शिवारात शेडनेटची छपरं दूरवर पसरलेली दिसतात. आत टोमॅटो-मिरचीचं बीजोत्पादन चालतं. मादी झाडावरची कळी उमलायच्या आधी चिमट्याने अलगद उघडायची, तिचे पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या सकाळी नराच्या फुलातले परागकण तिला लावायचे आणि खूण करून ठेवायची. क्रॉसिंग म्हणतात त्याला. एकेक कळी, एकेक फूल, बहुतेक बायकांच्या बोटांनी. पुढे ते बी पाकिटात भरून कुठल्या कुठे जातं. पीक चांगलं आलं की शेतकरी वाणाचं नाव घेतो. त्या बोटांचा पत्ता त्याला नसतो. प्रशिक्षकाचं काम मला याच जातीचं वाटतं. फरक एवढाच की फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर वाणाच्या आधी बोटांचं नाव घेतलं जातं, आणि मला त्या लोकांचा मान वाटतो तो यासाठी.

आणि हे बी फळलंही आहे. समीर नाईक पुढे धेंपोचेच प्रशिक्षक झाले. क्लिफर्ड मिरांडा यांनी एप्रिल २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला. कोझिकोडच्या अंतिम सामन्यात बेंगळुरू एफसीचा २-१ असा पराभव झाला. महेश गवळी राष्ट्रीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. एकाच क्लबच्या एकाच काळातले इतके खेळाडू प्रशिक्षणाकडे वळले, हा मला योगायोग वाटत नाही. खेळताना ज्यांना फक्त पळायला सांगितलं जातं, ते निवृत्तीनंतर शिकवायला जात नाहीत. का पळायचं हे ज्यांना समजावलं गेलेलं असतं, ते जातात.

मधल्या वर्षांबद्दल चाहते फारसं बोलत नाहीत, मीही थोडक्यात सांगतो. २०१३ मध्ये कुलासो धेंपोतून बाहेर पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी ईस्ट बंगालची सूत्रं घेतली आणि तो संघ २०१३-१४ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, फातोर्ड्यावर एफसी गोवा आला, त्याच्यासोबत प्रत्यक्ष झिको आले. १९८२ च्या ब्राझील संघाचा झिको मडगावात उभा आहे, यावर पहिले काही दिवस कुणाचा विश्वास बसत नव्हता. त्यांच्यावरही गोव्याने मनापासून प्रेम केलं. पण धेंपो त्याच काळात उतरणीला लागला होता. २०१४-१५ ला क्लब आय-लीगमधून खाली गेला, पुढच्या वर्षी दुसरी श्रेणी जिंकून वर आला, आणि २०१६ मध्ये देशाच्या फुटबॉलच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्यासह लीगमधूनच बाहेर पडला. पुन्हा आय-लीगमध्ये दिसला तो २०२४-२५ च्या मोसमात. आठ वर्षं. या आठ वर्षांत शाळेतून कॉलेजात गेलेल्या पोरांना धेंपो म्हणजे वडिलांच्या तोंडचं नाव होतं.

कुलासोंनी २०११ मध्ये राष्ट्रीय संघही सांभाळला, थोडा काळ. विश्वचषक पात्रता फेरीत संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध पहिला सामना ०-३ असा गेला. त्यात आपले दोन खेळाडू बाहेर काढले गेले होते. दिल्लीतला दुसरा सामना २-२ सुटला. या निकालांवरून त्यांना मोजणाऱ्यांशी माझं जमत नाही. तेरा वर्षांत घडवण्याचं काम ज्याच्या हाताचं आहे, त्याला काही महिन्यांचं काम देऊन परीक्षा घ्यायची, यात परीक्षा कुणाची होते?

१७ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती भवनात त्यांना जीवनगौरव विभागात द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. शेवटची आय-लीग जिंकल्यानंतर जवळपास तेरा वर्षांनी. उशीर झाला, पण झालं. लिव्हरपूलने आपले प्रशिक्षक बिल शँकली यांचा पुतळा अ‍ॅनफिल्डबाहेर उभा केला. मुंबईत शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांचं स्मारक डिसेंबर २०२४ मध्ये झालं, त्यांच्या निधनानंतर जवळपास सहा वर्षांनी. शिकवणाऱ्याचं ऋण त्याच्या हयातीत फेडायची सवय आपण लावून घ्यायला हवी, असं मला फार वाटतं.

आता तो वाद, जो पायऱ्यांवर दर वेळी शेवटी येतो: पाचांतलं सगळ्यांत मोठं विजेतेपद कुठलं? तरुण चाहते २०११-१२ म्हणतात. त्या मोसमात रँटीने २६ सामन्यांच्या लीगमध्ये ३२ गोल केले. त्या संघाइतका डोळ्यांना सुखावणारा फुटबॉल भारतात कुठल्या क्लबने खेळला, असं ते विचारतात, आणि मला उत्तर सुचत नाही. काही जण २००७-०८ धरून बसतात, पहिली आय-लीग म्हणून.

जे सगळ्यांत जुने, ते २००४-०५ म्हणतात, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरूत फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्टियानो ज्युनियर याने दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो कोसळला आणि वाचला नाही. धेंपो २-० ने जिंकला. कप हातात होता आणि खेळाडू गेला होता. क्लबने त्याचा १० क्रमांकाचा शर्ट कायमचा निवृत्त केला. लीगचा जवळपास सगळा मोसम त्यानंतर खेळायचा होता. कपडे बदलायच्या खोलीत एक जागा रिकामी असताना त्या मुलांना पुन्हा सरावाला उभं करायचं, पुन्हा गोलच्या तोंडाशी उडी घ्यायला सांगायचं. पुस्तकात या कामाचा धडा नसतो. कुलासोंनी ते केलं आणि मे २००५ मध्ये धेंपो पहिल्यांदा भारताचा विजेता झाला. पुढची चारही विजेतेपदं याच्यानंतरची आहेत.