एकोणीस प्रयोगांत थांबलेलं नाटक आणि दिल्लीहून निघणारा दौरा

दिल्लीत मंडी हाउसच्या परिसरात संगीत नाटकं कमी होत नाहीत. एखादी संस्था चार-सहा महिने तालीम करते, गाणी बसवते, कपडे शिवून घेते, शनिवार-रविवारचं सभागृह मिळवते. दोन किंवा चार प्रयोग होतात आणि नाटक थांबतं. मग कोणी तरी विचारतं, हे घेऊन लखनौ, भोपाळ, पुणे, कोलकाता असा दौरा का करत नाही? त्यावर ठरलेलं उत्तर येतं: इथंच चाललं नाही, बाहेर काय चालणार? हे उत्तर शहाणपणाचं वाटतं, पण ते काही गैरसमजांवर उभं आहे. ते एकेक करून तपासायला हवेत, कारण त्यांच्यामुळे चांगली नाटकं पेटाऱ्यात जातात आणि कधी कधी भलत्याच नाटकावर दौऱ्याचे पैसे लागतात.

‘कमी प्रयोग झाले, म्हणजे नाटक पडलं’

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही संस्था, जब्बार पटेल दिग्दर्शक, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. १९ प्रयोग झाले आणि संस्थेचे अध्यक्ष भालबा केळकर यांनी नाटक थांबवलं. नाना फडणवीसांचं चित्रण आणि पुण्याच्या ब्राह्मणांचं रंगमंचावरचं रूप यांवरून वाद पेटला होता. थिएटर रिकामं राहिलं म्हणून हे नाटक थांबलं नव्हतं.

पुढे ही मंडळी संस्थेतून बाहेर पडली. मार्च १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि जानेवारी १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये ते विरोधाला तोंड देत युरोपच्या दौऱ्यावर गेलं, १९८६ मध्ये अमेरिकेला. दिल्लीत राजिंदर नाथ यांनी ‘अभियान’तर्फे ते हिंदीत केलं. १९ हा आकडा पाहून १९७३ साली कोणी या नाटकाचं भविष्य सांगितलं असतं, तर ते साफ चुकलं असतं.

म्हणून किती प्रयोग झाले यापेक्षा नाटक का थांबलं हे आधी विचारावं. संगीत नाटक थांबायला अनेक कारणं असतात: पुढच्या तारखा मिळत नाहीत, मुख्य गायक नट मालिकेत जातो, संस्थेत फूट पडते, निर्मात्याचे पैसे संपतात. यांतलं एकही कारण नाटकाच्या दर्जाबद्दल काही सांगत नाही. प्रेक्षक आले, बसले आणि दुसऱ्यांना ‘जाऊ नका’ म्हणाले, तर मात्र ते सांगतं.

दिल्लीत आणखी एक कारण जवळजवळ सार्वत्रिक आहे. सभागृह दिवसाच्या भाड्यावर मिळतं, तेही दोन दिवस. संगीत नाटकाची जाहिरात खऱ्या अर्थानं प्रेक्षकच करतात. शनिवारी पाहिलेला माणूस सोमवारी कचेरीत सांगतो आणि ऐकणाऱ्याला जावंसं वाटतं तेव्हा नाटक संपलेलं असतं. अशा नाटकाला ‘पडलं’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. प्रेक्षकांनी ते नाकारलेलं नसतं, त्यांच्यापर्यंत ते पोचलेलंच नसतं.

न्यूयॉर्कचंही एक उदाहरण घेऊ. स्टीफन सॉन्डहाइमचं ‘मेरिली वी रोल अलाँग’ १९८१ मध्ये ब्रॉडवेवर अवघ्या १६ प्रयोगांत बंद पडलं. तिथं कारण वेगळं होतं. समीक्षक आणि प्रेक्षक दोघांनाही ते पसंत पडलं नव्हतं. पण लेखक आणि संगीतकारानं त्यावर पुढे वर्षानुवर्षं काम केलं, ठिकठिकाणी नव्यानं प्रयोग झाले आणि २०२३ मध्ये ब्रॉडवेवर परतलेल्या त्याच नाटकाला २०२४ मध्ये पुनरुज्जीवित संगीतिकेचा टोनी पुरस्कार मिळाला. म्हणजे प्रेक्षकांनी नाकारलेलं नाटकही उठू शकतं, मात्र ते जसंच्या तसं नाही, दुरुस्त होऊन.

‘आधी एका जागी खूप चालावं, मगच दौरा’

ही कल्पना ब्रॉडवेच्या पद्धतीतून आली आहे. तिथं एकाच थिएटरात आठवड्याला आठ प्रयोग होतात, नाटक बंद होतं किंवा मुरतं आणि मग दौऱ्यासाठी वेगळा संच निघतो. मराठी रंगभूमी अशी कधी चाललीच नाही. १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारी किर्लोस्कर मंडळी असो की पुढची गंधर्व नाटक मंडळी, कंपनीचं बिऱ्हाड गावोगाव फिरायचं. एका गावात मुक्काम, आलटून-पालटून चार-पाच नाटकं आणि मग पुढचं गाव. एखाद्या नाटकाचे प्रयोग कमी झाले, तरी ते मेलं असं होत नसे. कंपनीच्या पोतडीत ते असायचं आणि मागणी आली की लागायचं.

आजही व्यावसायिक मराठी नाटकाचे ५० प्रयोग म्हणजे मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा डझनभर ठिकाणी विखुरलेल्या तारखा असतात. ब्रॉडवेच्या हिशेबात तेवढे प्रयोग सहा-सात आठवड्यांत उरकतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करणं चूक आहे. आपलं नाटक पहिल्या दिवसापासूनच दौऱ्यावर असतं. आपल्यासाठी खरा राष्ट्रीय दौरा सुरू होतो तो भाषेची आणि ओळखीच्या प्रेक्षकाची हद्द ओलांडल्यावर.

उलट बाजूचा दाखला खुद्द राजधानी क्षेत्रात आहे. २०१० मध्ये तेव्हाच्या गुडगावात, सेक्टर २९ मध्ये, ‘किंगडम ऑफ ड्रीम्स’ उघडलं. तिथल्या नौटंकी महल या आठशेच्या वर आसनांच्या नाट्यगृहात ‘झंगूरा’ ही संगीतिका वर्षानुवर्षं चालली. हवेतून येणारी पात्रं, सरकणारे मंच, प्रचंड पडदे हे सगळं त्या वास्तूत कायमचं बसवलेलं होतं. एवढं चाललेलं नाटक भाड्याच्या सभागृहात, एका दिवसात उभं करून, रात्री उतरवून पुढच्या गावाला नेता आलं असतं का? त्या रूपात तरी नाही. ते नाटक त्या इमारतीच्या मापानं शिवलेलं होतं. थकबाकीच्या वादात जुलै २०२२ मध्ये हरियाणा शहरी विकास प्राधिकरणानं ती वास्तू सील केली, तेव्हा तिथल्या संगीतिकांचं घरच गेलं.

‘घाशीराम’चं नेपथ्य आठवून पाहा. ओळीत उभे राहिलेले ब्राह्मण हाच पडदा, तीच भिंत, तीच गर्दी, तीच नानांना लपवणारी आडोशाची जागा. कीर्तन, तमाशा, दशावतार, खेळे यांच्यातून घेतलेली चाल आणि ताल. सामान माणसांच्या अंगातच होतं. ताफा मोठा असल्यानं प्रवासखर्च वाढायचा हे खरं, पण रंगमंच कोणताही चालायचा. नटही हौशी होते. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नानांची भूमिका करणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. पोट नाटकावर अवलंबून नव्हतं, म्हणून कमी मानधनावर दौरे शक्य झाले. आज पगारी नटांना घेऊन तसाच हिशेब मांडू पाहणाऱ्या निर्मात्यानं ही गोष्ट विसरू नये.

‘अमेरिकेत अपयशी संगीतिका दौऱ्यावर कमावतात, मग इथंही कमावतील’

तिथं असं घडतं हे खरं आहे. ‘स्यूसिकल’ नोव्हेंबर २००० मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि १९८ प्रयोगांनंतर मे २००१ मध्ये बंद झालं. पुढे ते दुरुस्त करून दौऱ्यावर काढलं गेलं आणि शाळा-महाविद्यालयांत तर अतोनात होऊ लागलं. ‘द अॅडम्स फॅमिली’ची दौऱ्यावरची आवृत्तीही बरीच बदललेली होती.

पण त्यामागची यंत्रणा पाहायला हवी. अमेरिकेतल्या शहरोशहरीच्या नाट्यगृहांकडे वर्षाचे वर्गणीदार असतात. हंगामातल्या सहा-सात संगीतिकांची तिकिटं ते एकदम आधीच घेतात. त्यात दोन गाजलेल्या असतात, बाकीच्या त्यांच्या आधारानं विकल्या जातात. स्थानिक नाट्यगृह दौऱ्याच्या निर्मात्याला बहुतेक वेळा आठवड्याची ठरावीक रक्कम हमीनं देतं. ब्रॉडवेवर पडलेलं नाटक अनोळखी गावात तरतं ते या हमीवर. शिवाय ‘ब्रॉडवेवरून आलेलं’ ही पाटी तिथं विकते, मग ब्रॉडवेवर ते किती दिवस टिकलं हे गावातला प्रेक्षक विचारत नाही.

दिल्ली, लखनौ, जयपूर, भोपाळ यांना जोडणारी अशी वर्गणीदारांची साखळी नाही. हमीच्या सर्वांत जवळ जाणारी आपली गोष्ट म्हणजे कंत्राटी प्रयोग. गावातला कंत्राटदार किंवा मंडळ निर्मात्याला ठरलेली रक्कम देतं, तिकीटविक्रीचा नफा-तोटा त्याचा. महाराष्ट्राबाहेर हेच काम महाराष्ट्र मंडळं करत आली आहेत. गणेशोत्सवात किंवा दिवाळीच्या आसपास ती नाटक बोलावतात, राहण्या-जेवण्याची सोय करतात. राजधानीतल्या मराठी माणसांनी अशी बरीच नाटकं पाहिली आहेत. पण मंडळाला शक्यतो ओळखीचा चेहरा हवा असतो आणि तिथं नवं, वादग्रस्त किंवा नावाजलेला नट नसलेलं संगीत नाटक मागे पडतं.

इथंच आणखी एक गल्लत होते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या १९९९ पासून होणाऱ्या भारत रंग महोत्सवात निवड झाली की ‘दिल्ली जिंकली’ असं म्हटलं जातं. निवड सन्मानाचीच आहे, त्यात शंका नाही. पण महोत्सवातल्या प्रयोगाचा खर्च आयोजक उचलतो आणि सभागृह नाट्यप्रेमींनी, विद्यार्थ्यांनी, समीक्षकांनी भरलेलं असतं. तिकीट काढून, मेट्रोतून उतरून, मुलांना घेऊन येणारा अनोळखी प्रेक्षक तिथं पारखला जात नाही. दौऱ्याचा अंदाज महोत्सवातल्या टाळ्यांवरून बांधू नये.

‘परक्या भाषेतली गाणी कोण ऐकणार?’

याला हबीब तन्वीरांनी कायमचं उत्तर देऊन ठेवलं आहे. त्यांनी १९५९ मध्ये दिल्लीत ‘नया थिएटर’ स्थापन केलं, छत्तीसगडचे नाचा कलावंत आणले आणि त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू-गाऊ दिलं. ‘चरणदास चोर’ हे १९७५ चं नाटक आधी भिलाईतल्या मैदानावर छोट्या, जुळवाजुळवीच्या रूपात झालं होतं. तेच वाढलं आणि १९८२ मध्ये एडिंबरोच्या फ्रिंज महोत्सवात त्याला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. छत्तीसगडी न कळणाऱ्या दिल्लीकरांनी ते पिढ्यानपिढ्या पाहिलं आहे.

तरीही सगळीच गाणी सारखी प्रवास करत नाहीत. ज्या पदात कथा पुढे सरकते, ते पद न कळल्यास प्रेक्षक मागे राहतो. तिथं पडद्यावर भाषांतर दाखवणं किंवा दोन ओळींचं हिंदी निवेदन लावणं गरजेचंच आहे, त्यात कमीपणा नाही. ज्या पदात भाव रंगतो किंवा समूह नाचतो, त्याला भाषांतराचा आधार फारसा लागत नाही. निर्मात्यानं दौऱ्याआधी आपली गाणी या नजरेनं वेगळी काढावीत.

‘दौरा म्हणजे तेच नाटक ट्रकमध्ये भरणं’

फिरोज अब्बास खान यांचं ‘मुघल-ए-आझम’ ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईत एनसीपीएत सुरू झालं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये दिल्लीत जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या आवारातल्या सभागृहात आलं. पुढे ते परदेशातही गेलं. त्यामागे शापूरजी पालनजीसारखा उद्योगसमूह होता. तेवढी ताकद नसलेल्या संस्थेला नाटकाची दुसरी, हलकी आवृत्तीच बांधावी लागते.

कमानी सभागृहात साधारण सव्वासहाशे माणसं बसतात. मोठ्या ताफ्याचा प्रवास, मुक्काम, भाडं, ध्वनी आणि प्रकाश एवढ्या तिकिटांतून काढायचे, तर तिकीट महाग होतं आणि प्रेक्षक घटतो. म्हणून प्रत्येक पात्राकडे आणि प्रत्येक वादकाकडे पुन्हा पाहावं लागतं. ‘संगीत देवबाभळी’त रंगमंचावर दोनच स्त्रिया आहेत, आवली आणि रखुमाई, आणि तेवढ्यावर संपूर्ण संगीत नाटक उभं राहतं. प्रत्येक नाटक तसं होणार नाही, पण बारा नर्तकांचं काम सात जण करू शकतात का, हे तालमीतच कळतं. वादक मात्र शेवटपर्यंत वाचवावेत असं माझं ठाम मत आहे. ध्वनिमुद्रित संगीतावर गाणारा नट प्रेक्षकाच्या दादेसाठी थांबू शकत नाही, आणि ती दाद हाच आपल्या संगीत नाटकाचा प्राण आहे.

तारखांचंही तसंच. दिल्लीहून निघायचं तर हंगाम ऑक्टोबर ते मार्च. त्यातही डिसेंबरअखेर ते जानेवारी या काळात धुक्यानं गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात आणि सकाळी पोचून संध्याकाळी प्रयोग लावणं धोक्याचं होतं. राजधानी क्षेत्रातच नोएडा, गुरुग्राम आणि दिल्ली ही तीन वेगवेगळ्या प्रशासनांची गावं आहेत आणि परवान्याची खटपट प्रत्येक ठिकाणी नव्यानं करावी लागते. कामाच्या दिवशी साडेसहाच्या प्रयोगाला गुरुग्रामचा माणूस मंडी हाउसला पोचत नाही. दूरच्या सहा शहरांच्या तारखा धरण्याआधी याच तीन गावांत लागोपाठचे तीन शनिवार-रविवार घ्यावेत आणि तिसऱ्या आठवड्याची तिकीटखिडकी पाहून भोपाळचं सभागृह ठरवावं.