नागफणी की ड्यूकचे नाक?

कर्जतहून कडाव, कशेळे करत आंबिवलीच्या वाटेला लागले, की कोथळीगडाचा सुळका लक्ष वेधून घेतो. अनेकांना तो उपड्या नरसाळ्यासारखा भासतो. शेजारच्या खालापूर तालुक्यातून खंडाळ्याकडे पाहिल्यास दिसणाऱ्या कड्याची कथा याहून रंजक आहे. मराठी माणसाला त्यात फणा उगारलेला नाग दिसला, म्हणून तो कडा नागफणी झाला. इंग्रजांना मात्र त्याच कातळात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे बाकदार नाक दिसले आणि 'ड्यूक्स नोज' हे नाव रूढ झाले. कातळ एकच, डोळेही सारखेच. मग चित्रे दोन कशी?

डोळा म्हणजे कॅमेरा, हा समज अपुरा आहे. नेत्रपटलावर उमटणारी प्रतिमा सपाट आणि संदिग्ध असते. तिचे अनेक अर्थ संभवतात. त्यांतील एक मेंदू निवडतो, तोही आपल्या नकळत. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच या प्रक्रियेला 'अजाणता केलेले अनुमान' मानले होते. अनुमानाची सामग्री पूर्वानुभवातून येते. नागपंचमी पाळणाऱ्या समाजाला फणा आठवतो. १८०३ मध्ये असईची आणि १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई जिंकणाऱ्या सेनानीचा चेहरा परिचित असणाऱ्यांना नाक.

निर्जीव वस्तूंत ओळखीचे आकार, विशेषतः चेहरे, दिसण्याला 'पॅरिडोलिया' म्हणतात. १९७६ मध्ये 'व्हायकिंग १' यानाने टिपलेल्या छायाचित्रात मंगळावर मानवी चेहरा दिसल्याने कुतूहल उसळले. २००१ मधील अधिक सुस्पष्ट छायाचित्रात तेथे केवळ एक टेकडी आढळली. पहिला 'चेहरा' ऊन-सावलीने घडवला होता. उरलेले काम पाहणाऱ्यांच्या मेंदूने केले.

कड्याच्या बाबतीत असा मतभेद निरुपद्रवी ठरतो. न्यायालयात मात्र त्याचे मोल मोठे असते. अंधूक प्रकाशात क्षणभर पाहिलेला चेहरा साक्षीदार पूर्ण प्रामाणिकपणे, ठाम स्वरात ओळखतो आणि तरीही चुकतो. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे पुढे निर्दोष ठरलेल्या अनेक कैद्यांना अशाच चुकीच्या ओळखीमुळे शिक्षा झाली होती. साक्षीदार खोटे बोलत नव्हते. मेंदूने केलेले अनुमान त्यांना प्रत्यक्ष दर्शन वाटले होते.

'मी माझ्या डोळ्यांनी पाहिले' या वाक्याने आपल्याकडे वाद संपतो. वस्तुतः चौकशी तेथूनच सुरू व्हायला हवी: प्रकाश किती होता, अंतर किती होते आणि पाहण्यापूर्वी मनात काय होते?