दर स्वस्त, हिशेब खोटा

२६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरारच्या विजय नगरमधील रमाबाई अपार्टमेंटचा मागचा भाग कोसळला. १७ माणसे गेली. एका घरात त्याच दिवशी लेकराचा पहिला वाढदिवस होता. इमारत जेमतेम बारा-तेरा वर्षांची, बांधकाम अनधिकृत. लगेच नेहमीचा सवाल आला : लोकांनी तिथे घर घेतलेच कशाला?

मुंबईच्या चाळीतून, झोपडपट्टीतून बाहेर फेकल्या गेलेल्या कष्टकऱ्याची मिळकत या शहाण्यांना ठाऊक नाही. जिथे दर परवडतो तिथे तो आयुष्याची पुंजी ओततो. सवाल बिल्डरला विचारा : एवढ्या स्वस्तात तुझे भागले कसे?

बांधकामाचे अंदाजपत्रक म्हणजे नुसते सिमेंट, सळई, रेती आणि मजुरी नव्हे. माती परीक्षण, आरसीसी डिझाइन, नकाशा मंजुरी, विकास शुल्क, सांडपाण्याची सोय, भोगवटा प्रमाणपत्र हे सारे त्यात धरावे लागते. काम चालू असताना भाव वाढतात, त्यासाठी राखीव रक्कम वेगळी. भरावाच्या जमिनीवर तर पायाच खर्चिक. या रकमा गाळल्या की दर खाली येतो. गाळलेला खर्च मात्र नाहीसा होत नाही, तो घर घेणाऱ्याच्या नावावर चढतो. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखीव जमिनीवरच्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत पाडल्या गेल्या. पैसे बांधणाऱ्याने आधीच घेतले होते. रस्त्यावर आली ती दोन हजारांवर कुटुंबे!

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते, तेव्हा केंद्रीय बांधकाम खातेही त्यांच्याच अखत्यारीत होते, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? बांधकामाचा हिशेब हा आपला विषय नाही, असे निदान आपण तरी म्हणू नये.

२०१७ पासून पूर्णपणे लागू झालेल्या रेरा कायद्यानुसार ग्राहकांच्या पैशातील ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात, त्याच प्रकल्पाच्या जमीन व बांधकामासाठी ठेवावी लागते. म्हणून टोकन देण्याआधी नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर ताडून पाहा, परवानगीची प्रत महापालिकेच्या नगररचना विभागात दाखवा. दलाल म्हणेल, "साहेब, कागद पुढच्या महिन्यात येतात." मग टोकनही पुढच्या महिन्यात.