पिशवीचं ऑपरेशन आणि लघवीची नळी: गैरसमज, वस्तुस्थिती

खापरखेड्याची बाई गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला जाते, सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा डागा रुग्णालयात किंवा खासगीत, आणि काही दिवसांनी घरी परतते. मूत्रमार्गाला इजा झाली असेल तर तिची खूण पुष्कळदा त्यानंतर, घरीच दिसते. म्हणून घरातले गैरसमज इथे महागात पडतात. पहिला गैरसमज असा की गर्भपिशवीचा आणि लघवीचा काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. मूत्राशय गर्भाशयाला पुढून चिकटून असतं. आधी सिझर झालं असेल तर जखमेच्या व्रणामुळे ते आणखी घट्ट चिकटतं. मूत्रपिंडातून येणारी मूत्रवाहिनी, म्हणजे लघवीची नळी, जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असते. गर्भाशयाच्या मुखापासून सुमारे दीड-दोन सेंटिमीटरवर ती गर्भाशयाच्या धमनीखालून जाते, आणि पिशवी काढताना नेमकी हीच धमनी बांधून कापावी लागते.

त्यामुळे ‘इजा झाली म्हणजे डॉक्टरने हलगर्जी केली’ हे सरसकट खरं नाही. शंभरात साधारण एखाद्या बाईला होणारी ही इजा निष्णात हातांकडूनही होऊ शकते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्येही ती टळतेच असं नाही. उपकरणाच्या उष्णतेने भाजलेली नळी तर काही दिवसांनी फुटते. मग डॉक्टरला कधीच जाब विचारायचा नाही का? जरूर विचारायचा, पण प्रश्न नेमके हवेत: ऑपरेशनची गरज होती का, धोका आधी समजावला होता का, तक्रार केल्यावर तपासणी केली का? पहिला प्रश्न तर महाराष्ट्राला टाळताच येणार नाही. बीडमध्ये २०१९ साली झालेल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. गरज नसलेलं ऑपरेशन टाळलं की त्याची इजाही टळते.

सगळ्यात घातक समजूत मात्र ‘लघवी होतेय ना, मग सगळं ठीक आहे’ ही. एका बाजूची नळी टाक्यात बांधली गेली तरी दुसरं मूत्रपिंड काम करत राहतं, लघवी नेहमीसारखी होते, आणि पहिलं मूत्रपिंड मुकाट्याने निकामी होऊ शकतं. कधी त्या बाजूला कंबरेत कळ येते, ताप येतो, पोट फुगतं. कधी काहीच जाणवत नाही. योनीतून सतत पाणी झिरपू लागलं, बसता-उठता साडी ओली व्हायला लागली, तर बायका अशक्तपणा म्हणून लाजेने गप्प राहतात. ऑपरेशननंतर आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू झालेलं असं झिरपणं फिस्टुलाचं, म्हणजे मूत्राशय किंवा नळीला पडलेल्या छिद्राचं, असू शकतं. ते दुरुस्त होतं. ऑपरेशनच्या वेळीच सापडलेली मूत्राशयाची इजा तर तिथेच शिवून, साधारण आठवडा-दोन आठवडे कॅथेटर ठेवून बहुधा बरी होते.

म्हणून बाई ‘ओलं लागतंय’ म्हणाली किंवा कंबरेची कळ थांबेना, तर डिस्चार्जचा कागद घेऊन त्याच दिवशी परत डॉक्टरकडे जा, आणि सोनोग्राफी करायची का हे स्वतःहून विचारा.